वसुलीचं स्थळ

माणूस शोधून काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी बरेच दिवस समजत होते. नुसती समजत नव्हते, घरीदारी ऐकवतही होते. आमचे हे फौजेतून निवृत्त झाले, पंचकुल्यात आम्ही फ्लॅट घेतला, आणि घरात बसून बसून मला वेड लागायची पाळी आली. तेवढ्यात शेजारच्या चंदीगडला सेक्टर बावीसमधल्या एका वसुलीच्या ऑफिसात नोकरी मिळाली. खाली स्वेटरचं दुकान, वर आम्ही. शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. मराठी येतं एवढ्यावर घेतलं मला.

आपल्याकडची पोरं इथे शिकायला, नोकरीला येतात, क्रेडिट कार्ड घेतात, कर्ज काढतात, आणि एक दिवस खोली सोडून, सिम फेकून बँकेच्या हातावर तुरी देतात. मग ती फाइल आमच्यासारख्यांकडे येते. ऑफिसातली पोरं आधी जुन्या घरमालकाकडे जायची. मग फॉर्मवर ओळखीचे म्हणून ज्यांचे नंबर दिलेले असतात त्यांना फोन. मग कोणाच्या वाढदिवसाच्या फोटोत आपला माणूस मागे केक खाताना दिसतोय का, ते बघायचं. कोणी म्हणायचं, पार्सल आलंय, नवा पत्ता सांगा. पण गावाकडच्या आईबापांना हिंदीतून फोन गेला की ते सरळ राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचे.

इथे माझी अक्कल चालली. मी मराठीत फोन लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्या चिरंजीवांसाठी एक स्थळ सुचवायचं होतं."

अहो, काय सांगू! बँकेचा फोन म्हटल्यावर ज्या बापाला आपला मुलगा आठवत नाही, तो मला मुलाची कंपनी, पगार, फ्लॅट, कितवा मजला, आणि सोसायटीला लिफ्ट आहे हेसुद्धा सांगायचा. मी "हो का, वा वा" करत सगळं उतरवून घ्यायचे. आमचे सरदारजी साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "मैडमजी से सीखो कुछ!" मी वरवर "छे हो" म्हणायचे आणि आतून टम्म फुगायचे. स्थळाचा पुन्हा फोन का आला नाही म्हणून ती माणसं किती दिवस वाट बघत असतील, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. खोटं कशाला बोलू.

मग सांगलीकडच्या एका पोराची फाइल आली. मोहालीत इंजिनिअर होता. कार्डावर फोन घेतला, मोटरसायकल घेतली, मित्रांना घेऊन मनालीला जाऊन आला, आणि नोकरी गेल्यावर गायब झाला. घरमालक म्हणाला पुण्याला गेला, मित्र म्हणाले बंगळूरला. आमच्या लोकांनी दोन्हीकडे चौकश्या केल्या, पत्ता लागेना. हातात राहिला फक्त आईचा नंबर. साहेबांनी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. मी पदर खोचून बसले.

"नमस्कार ताई, चंदीगडहून बोलतेय. तुमच्या मुलासाठी एक चांगलं स्थळ आहे. तो सध्या राहतो कुठे? पत्ता मिळाला असता तर बरं झालं असतं."

बाई हळूच म्हणाल्या, "चंदीगडलाच हाय की त्यो. पोरगी कितवी शिकलीया?"

आजवर इतका उलटा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे आपल्या मुलाचंच कौतुक सांगायचे. मी गडबडले आणि माझ्या तोंडून माझ्याच मुलीचं वर्णन बाहेर पडलं. एमएस्सी, सेक्टर तीसच्या सरकारी लॅबमध्ये काम करते, वडील फौजेत होते, रंग गव्हाळ, स्वभाव शांत. शेवटचं तर धादांत खोटं होतं.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग मी येती पोराला घिऊन. तुमी घराचा पत्ता सांगा."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. इतक्या लांब कशाला, आधी फोटो पाठवा, पत्रिका तरी जुळू दे. त्या ऐकेचनात. सून आणायची तर बघायला नको का, म्हणाल्या. म्हणजे दुसऱ्याचा पत्ता काढायला बसलेली मी, स्वतःचा पत्ता फ्लॅट नंबरासकट देऊन मोकळी झाले. पण साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. कर्जदार आपल्या पायांनी चालत घरी येणार, असं आजवर कधी झालं नव्हतं. "रविवार को दो बंदे भेज दूँ नीचे?" मी म्हटलं, नको, आधी चहा तरी पिऊ द्या त्यांना. तेव्हाही मी तोऱ्यातच होते.

घरी मुलीला सांगितलं तेव्हा मात्र सगळा तोरा उतरला. ती मराठीत ऐकते आणि हिंदीत भांडते. "मम्मी, आपने मुझे चारा बना दिया?" मी म्हटलं, फक्त पोहे आणून ठेव, पुढचं मी बघते. ती म्हणाली, "आऊँगी, पक्का आऊँगी. आपकी फजिती देखनी है मुझे." हे पेपरामागे हसत होते. आयुष्यभर सीमेवर राहिलेल्या माणसाला घरातलं युद्ध करमणुकीचं वाटतं.

रविवारी मायलेक आले. बाई बारीक चणीच्या, नऊवारीवर स्वेटर, हातात भडंगाचा डबा. पोरगा वाळलेला, दाढी घाईत केलेली, नजर चपलांवर. मी मनात बनवलेला लबाड कर्जबुडव्या काही त्याच्यात दिसेना. मुलीनं पोहे आणले, नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून असं गोड हसली की मला घाम फुटला.

ह्यांनी विचारलं, "राहतोस कुठे?"

"सेक्टर बावीसमध्ये, स्वेटरच्या दुकानामागच्या गल्लीत एक खोली आहे," तो म्हणाला.

आमच्या ऑफिसची मागची गल्ली! आम्ही पुणं पालथं घातलं, बंगळूर पालथं घातलं, आणि हा बहुतेक आमच्याच शेजारच्या ढाब्यावर राजमा-चावल खात होता. मी पोह्यांचा घास तसाच गिळला.

"घर नंबर सांग की," आई त्याला म्हणाली.

"खोली बदलतोय आई. सांगतो नंतर."

टेबलावर माझा फोन थरथरला, साहेबांचा. मी तो उलटा करून ठेवला. दोन शब्द बोलले असते तर काम फत्ते होतं. पण ती माउली मुलाच्या बशीत आपले पोहे वाढत होती, आणि तो नको नको म्हणत खात होता. फार दिवसांनी पोटभर खात असावा. मी फोन उलटाच राहू दिला.

निघायच्या वेळी तो ऑटो बघायला खाली गेला, हे त्याला सोडायला गेले. बाई दारापाशी थांबल्या आणि एकदम म्हणाल्या, "ताई, तुमी वसुलीवाल्या न्हवं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"पयल्याच दिवशी वळखलं मी," त्या म्हणाल्या. "पोरीकडची मानसं आधी कूळ इचारत्यात, जमीन इचारत्यात, देवक इचारत्यात. तुमी आधी पत्ता इचारला."

मेले! किती जणांना गंडवलं म्हणून मिरवत होते, आणि माझी चोरी पहिल्याच वाक्यात पकडली गेली होती. "मग तुम्ही आलात कशाला?" मी विचारलं.

"मलाबी त्यो सापडत न्हवता." बाईंनी पदरानं नाक पुसलं. "नव्या नंबरावरनं फोन करतो, बरा हाय म्हंतो आन् ठिवतो. दोन दिवाळ्या घरी आला न्हाई. म्हनलं, स्थळ आलंय, तू न्हाई आलास तर मी एकलीच जाती. तवा ठेसनावर आला. तुमच्यामुळं तोंड दिसलं पोराचं."

"पण तुम्ही त्याला इथं घेऊन आलात. माझ्याकडे. सगळं माहीत असून."

"लपून किती दिवस र्‍हानार त्यो? पकडायचाच हाय, तर बाईमानसाच्या घरी पकडू दे. च्या तरी मिळंल."

मला रडू आलं. ताई, माझं चुकलं, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांना दुसरंच बोलायचं होतं, आणि खालून ऑटोचा हॉर्न वाजत होता. माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "एक करा. समदं पैसं येकदम घिऊ नका त्याच्याकडनं. थोडं थोडं घ्या. पैसं फिटंस्तवर तुमी काय त्याला सोडत न्हाई. तवर त्यो कुठं हाय, ते मला कळंल. मी फोन लावीन तुमाला, सांगत जावा."

त्या जिना उतरून गेल्या. मी भडंगाचा डबा धरून दारातच उभी राहिले. मुलगी बाहेर आली, डबा माझ्या हातातून घेतला. फोन पुन्हा थरथरला.

"मिल गया मैडमजी?" साहेब विचारत होते. "बैंक मान गई है. आधे पैसे में निपटा देते हैं, फाइल बंद!"

"हाँ जी, आधे में ही कीजिए, पर फाइल बंद मत कीजिए," मी म्हटलं. "किश्तें बाँध दीजिए. छोटी-छोटी."

"अरे, ऐसे तो सालों लग जाएँगे!"

"लगने दीजिए जी," मी म्हटलं.