ओसरीतले बारा तास

लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला जायचं मी ठरवलं, तेव्हा माझी कंबर मला तासभरही बसू देत नव्हती. अंगणवाडीत पंचवीस वर्षं ऊठबस करून मणक्यातली गादी सरकली होती. आमच्या गावाहून, खुटबाववरून, शिरूरला बहिणीकडे जाताना सीट रिकामी असली तरी मी एसटीत दांडी धरून उभीच असायचे.

रांजणगावच्या कंपनीत असलेल्या मुलानं मोबाइलवर पाहून सांगितलं, "मुंबई ते मेलबर्न नऊ हजार आठशे किलोमीटर. डायरेक्ट विमानानं बारा-साडेबारा तास."

"बारा तास?" हे म्हणाले. "अगं, तुला हितं जवळच्या चौफुल्यापतूर बसवत न्हाई!"

लेकही फोनवर म्हणाली, "आई, नको येऊस. आमचं आम्ही बघू."

दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं पहिलं बाळ गेलं. तेव्हा ती तिकडे रडत होती आणि मी इकडे फोन कानाला लावून बसले होते. या वेळी मी कुणाचंही ऐकणार नव्हते.

दौंडच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, बारा तास सलग बसा असं कोण म्हणतंय? विमानात चालता येतं. दर पाऊण तासाला उठायचं. पण आधी सवय करा."

ओसरीत भिंतीकडे तोंड करून, विमानातल्यासारखे गुडघे टेकतील इतक्या जवळ मी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. पाठीशी उशी, मोबाइलमध्ये गजर. पहिल्या दिवशी दोन तासांत रडू आलं. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काकू, कुठवर आलं इमान?" मी म्हणायचे, "अजून दौंडातच हाय!" रोज थोडं थोडं वाढवत गेले. महिन्यानं एका रविवारी सकाळी सहाला बसले, ती उठत-बसत संध्याकाळी सहापर्यंत. सोबतीला म्हणून हे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. चार तासांत कंटाळले आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेले. त्याच संध्याकाळी तिकीट काढायला त्यांनीच मुलाला सांगितलं.

विमानात पहिले तीन तास बरे गेले. मग विमान हादरायला लागलं. डोक्यावर पट्ट्याची खूण पेटली; पट्टे बांधून ठेवायला सांगितले, उठायला बंदी. तास उलटला तरी ती खूण विझेना. कंबरेपासून पायापर्यंत कळ गेली. शेजारच्या पंजाबी मुलीनं माझा चेहरा पाहिला. "आंटी, थोडा मेरी तरफ झुक जाओ," म्हणाली आणि आपली उशी माझ्या कुशीला लावली. तिचा हात मी किती घट्ट धरला होता, ते नंतर कळलं. खूण विझल्यावर मागे जाऊन उभी राहिले. हवाई सुंदरी इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "कमर बैठने नहीं देती, बेटा." तिनं पाणी दिलं आणि उभं राहू दिलं.

मेलबर्नला विमानतळाबाहेर लेक पोट सांभाळत उभी होती. "आई, कंबर?"

"कंबर हाय जागेवर. तू कशी हायस?"

अकराव्या दिवशी दुपारी नात झाली. जावई भिंतीकडे तोंड करून रडले. मी खुटबावला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"मुलगी झाली. दोघी बी बऱ्या हायेत," मी म्हटलं.

फोन न ठेवताच ह्यांनी कुंपणावरून शेजारणीला ओरडून सांगितलं, "इमान पोचलं!"