मधला आवाज

लग्नानंतर काही वर्षं मी देवळालीला फौजी क्वार्टरमध्ये एकटीच राहत होते. नवरा लष्कराच्या सिग्नल कोरमध्ये लाइनमन. उत्तरेकडे बर्फात चौक्यांच्या टेलिफोनच्या तारा सांभाळायचा. रविवारी सकाळी आम्हा बायकांना लष्करी एक्सचेंजमधून पाच मिनिटं बोलू देत.

एका आषाढात सासूबाई इगतपुरीकडच्या गावाहून आल्या. सासरे भाताच्या खाचरात घसरून पडले होते, पायाचं ऑपरेशन झालं होतं. मुलाला हे आपल्याच तोंडानं सांगायचं, म्हणून त्या माझ्याबरोबर एक्सचेंजवर आल्या.

फोन एकदम लागत नसे. देवळालीचा ऑपरेटर पुढच्या ठाण्याला हाक मारी, ते त्याच्या पुढच्याला. प्रत्येक टप्प्यावर हिंदीची धाटणी बदले. त्या दिवशी शेवटी नुसती घरघर आली आणि तिच्यात ह्यांचा आवाज बुडाला. सासूबाई ओरडत होत्या. पलीकडे काही पोचत नव्हतं. तेवढ्यात शेवटच्या एक्सचेंजचा जवान मध्ये बोलला. दक्षिणेकडचा असावा.

"अम्मा, मेरे को बोलो. मराठी नहीं मालूम, पर जैसा सुनेगा वैसा बोलेगा."

सासूबाई क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुझा बाप पडला व्हता. आता बरा हाय. काठी घेऊन चालतो."

रिसीव्हरला मीही कान लावला होता. त्या परक्या मुलखातल्या माणसानं प्रत्येक शब्द सावकाश, जसाच्या तसा पुढे दिला. 'व्हता' आणि 'हाय'सुद्धा. थोड्या वेळानं त्याच आवाजात उत्तर आलं, "आई, लावणी कोणी केली?" शब्द ह्यांचे होते.

निरोप संपले. सासूबाईंनी विचारलं, "तू जेवला का रं?"

त्यानं तेही पुढे पाठवलं. उत्तर आलं, "जेवलो."

"त्याला नाय, तुला इचारलं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं हेही इमानानं पुढे पाठवलं. पलीकडून ह्यांनी त्याला हिंदीत समजावलं असावं, कारण तो परत बोलला तेव्हा आवाज हळू होता. "नहीं अम्मा. ड्यूटी के बाद."

दिवाळीनंतर हे सुट्टीवर आले तेव्हा मी विचारलं, न कळणारी भाषा तो इतकी अचूक कशी बोलला?

"आम्हाला पहिलं तेच शिकवतात," हे म्हणाले. "निरोपात आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं की फार पूर्वी हे काम पूल-रस्ते बांधणाऱ्या सॅपर लोकांकडेच होतं. तेव्हा झेंडे हलवून, आरशावर ऊन चमकवून एका टेकडीवरून दुसरीवर निरोप जात. काम वाढलं तशी वेगळी कोर झाली. आता प्रत्येक डिव्हिजनला आपली सिग्नल रेजिमेंट, प्रत्येक ब्रिगेडला सिग्नल कंपनी. कुणी रेडिओवर, कुणी एक्सचेंजवर, कुणी मोटरसायकलवर लखोटे नेणारा. आणि हे स्वतः केबलचं रीळ पाठीवर घेऊन, बर्फाखाली तुटलेली तार हातानं चाचपत जाणारे. आमच्या पाच मिनिटांसाठी एवढी माणसं जागोजागी बसलेली असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

परत गेल्यावर ह्यांनी त्या जवानाची चौकशी केली. त्याची बदली झाली होती. पुढे हे निवृत्त होऊन अंबडला कारखान्यात लागले, घरात मोबाइल आले. सासूबाई मात्र विचारत राहिल्या, "त्यो मदला पोरगा आता कुठं असंल?"