फेट्याची रेघ: एका काचेमागे सातारा ते पलूस

जायचं ठरवलं आणि तीन आठवडे गेलोच नाही. आधी थंडी होती, मग पोट बिघडलं, मग वाटलं की गाडीत बसल्यावर घराचं कुलूप आठवलं तर काय करायचं. शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, "दादा, एकतर जाऊन या, नाहीतर तो विषय सोडा." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सातारा स्टँडवर होतो. कुलूप तीनदा ओढून बघितलं होतं.

जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचं सामान शोधत फिरणारे बरेच जण हल्ली मला फोनवर विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. शिक्षण सातवी, तेव्हा चुका पोटात घाला.

साताऱ्यात मी बरीच वर्षं फोटोचा स्टुडिओ चालवला. कॅमेरा लाकडी, फुल प्लेटचा म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंची फिल्मचा, तिपाईवर उभा. पुढं पितळी भिंग, मध्ये कातडी भाता, मागं काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत माणूस बघायचा. तो उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. काच एका बाजूनं घासलेली असते आणि त्या खरखरीतपणावर चित्र उमटतं. आम्ही तिला दुधी काच म्हणायचो. चित्र स्वच्छ दिसलं की काचेची चौकट काढायची आणि तिथं फिल्मची पेटी सरकवायची.

मी नवरदेवांचे फेटे कापायचो. उलट्या चित्रात तुरा कुठं संपतो ते मला कळायचं नाही आणि फोटो आला की लोक भांडायला यायचे. एकदा असंच भांडण झाल्यावर माझी बायको शालन कापडाखाली शिरली, माझ्या कानावरची पेन्सिल घेतली आणि काचेच्या खालच्या कडेजवळ आडवी रेघ मारली. म्हणाली, "ह्या रेघंच्या खाली तुरा गेला तर फोटो काढायचा न्हाई." मग बसलेल्या माणसाची एक रेघ झाली, नवरा-बायकोच्या जोडीची झाली, मांडीवरच्या लेकराची झाली. शालन शाळेत गेलेली नव्हती. बँकेत अंगठा लावायची. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण ते मी काढलेले. तिच्या हातचं कुठं काही असेल तर त्या काचेवर.

आणि आठ-नऊ वर्षांपूर्वी ती काच मी देऊन टाकली. घराला रंग द्यायचा होता, अडगळ काढत होतो. काचेच्या चौकटी दोन होत्या, दिसायला सारख्या, एकीत नवी काच होती. घाईत मी शालनची काच खोक्यात घातली आणि कराडच्या जुन्या सामानवाल्याला खोकं दिलं. तेव्हा शालन होती. म्हणाली, "जाऊ द्या, तुमाला माप पाठ झालंय." मागच्या श्रावणात ती गेली. तेव्हापासून ती काच माझ्या मनातून हलत नाही.

पासष्टच्या पुढं एसटीला निम्मं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. मी ते खिशात आहे का हे नागठाण्यापर्यंत चारदा पाहिलं. सोबत कापडी पिशवी, तिच्यात बीपीच्या गोळ्या, बॅटरी आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुठ्ठ्याचं सांगतो, कारण ते कामाचं आहे. हे लाकडी कॅमेरे हातानं बनवलेले, त्यामुळं कुठल्याही दोन कॅमेऱ्यांची मापं कधी जुळत नाहीत. माझी मागची चौकट साताऱ्याच्याच सुतारानं केलेली, तिची काच नेहमीच्या मापापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रुंद. म्हणून नव्या काचेवर ठेवून पुठ्ठा कापून घेतला होता. सामान शोधायला निघालात तर तोंडी माप घेऊन जाऊ नका, पुठ्ठा न्या.

कराडला स्टँडबाहेर वडापाव खाल्ला, चहा घेतला. वडा गरम होता पण तेलाची धास्ती वाटून अर्धाच खाल्ला. त्या सामानवाल्याचं दुकान बाजारातल्या आतल्या बोळात आहे. मालक पन्नाशीचा, तोंडाळ, पण मनानं बरा. त्यानं तीन पोत्यांतलं सामान पुढं ओतलं. मी एकेक उचलत बसलो. भात्यात बॅटरी लावली, दोन कोपऱ्यांतून उजेड ठिपके ठिपके बाहेर आला, ठेवून दिला. भिंग आभाळाकडं धरलं तर आत बुरशीची जाळी. फिल्मच्या पेट्यांच्या सरकपट्ट्या ओढून पाहिल्या. पट्टी सैल असली की उजेड शिरतो, मग वरून पेटी कितीही देखणी असो. पाऊण तास झाला.

"काका," मालक म्हणाला, "सामान बघताय का सोयरीक जमवताय?"

मी म्हटलं, सोयरीक जमलेली आहे, हरवलेलं माणूस शोधतोय. तो हसला आणि मग मी काय हरवलंय ते सांगितल्यावर हसायचा थांबला. त्याला खोकं आठवत होतं. लाकडी चौकट एका द्राक्षबागायतदारानं नेली होती, पलूसच्या पुढं मळ्यात राहणारे जैन अण्णा, त्यांना जुन्या वस्तू घरात मांडायचा नाद. त्यानं फोन लावून दिला. अण्णा म्हणाले, चौकट शोकेसमध्ये आहे, कवाबी या.

कवाबी म्हणजे आजच, असं मी धरलं. तासगावकडं जाणारी गाडी पलूसवरून जाते. उसाचे ट्रॅक्टर पुढं, मागं, बाजूला, गाडी रांगत होती. खिडकीजवळ बसलो तर पाचट उडून डोळ्यात जाईल म्हणून आत सरकलो, आत बसल्यावर उतरायचं ठिकाण दिसणार नाही म्हणून परत खिडकीशी. वाहकाला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आवं बाबा, पलूस आलं की मीच हाताला धरून उतरवतो." आणि खरंच त्यानं पिशवी खाली दिली.

स्टँडवरून रिक्षा मिळते, मळ्याचं नाव सांगितलं की पुरतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मांडव. अण्णांचं घर मोठं, पुढं ओटा, ओट्यावर जुने कंदील ओळीनं टांगलेले. अण्णा सत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले. आत नेलं आणि शोकेस उघडली.

चौकट माझीच होती. डाव्या कोपऱ्यात सुताराच्या पटाशीची चूक होती, ती मी अंधारातही ओळखली असती. पण काच लखलखीत. आरपार अण्णांची बोटं दिसत होती.

"जुनी आंधळी झालेली," अण्णा कौतुकानं म्हणाले. "पुसून पुसून दमलो. मग सुताराकडनं नवी बसवून घेतली. आता कसं झकास दिसतंय."

मी खुर्चीवर बसलो. ती काच आंधळीच असायला लागते, हे या माणसाला कोण सांगणार होतं. जुन्या बाजारात चार गल्ल्या फिरलात तरी हीच चूक भेटेल, म्हणून सांगतो, जुना कॅमेरा घेताना मागच्या काचेवर नख ओढून बघा. एक बाजू खरखरीत लागली पाहिजे. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील तर कुणीतरी प्रेमानं वाट लावलेली आहे.

जुनी काच टाकली का, एवढंच मी विचारलं.

उत्तर आतून आलं. अण्णांच्या मंडळी, त्यांना सगळे अक्का म्हणतात, पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. "टाकतोय कशाला? न्हाणीच्या खिडकीला बसवलीया. उजेड येतो आन् आतलं काय दिसत न्हाई. लय सोयीची हाय बघा."

मला लगेच न्हाणीत जायचं होतं. पण आत सून अंघोळीला गेलेली. मी ओट्यावर बसलो. अर्धा तास आत पाणी वाजत होतं आणि मला दिसत होतं की वाफ त्या रेघांवर बसतेय, ओघळतेय. सुतारानं खिडकीत बसवायला काच कापली असेल, हेही मनात आलं. कापली असेल तर कुठल्या बाजूनं. अण्णा मला द्राक्षाच्या औषधांचे भाव सांगत होते आणि मी हो हो म्हणत होतो.

सून बाहेर आली, मला बघून आत पळाली. मग मी, अण्णा आणि अक्का असे तिघं त्या ओल्या न्हाणीत उभे राहिलो. छाताडाच्या उंचीवर छोटी खिडकी, एकच काच. खरखरीत बाजू आतल्या अंगाला. मी बॅटरी तिरपी धरली. काच कोरी होती. बसलेल्या माणसाची रेघ नाही, जोडीची नाही, लेकराची नाही.

"दर ऐतवारी पावडर लावून घासती मी," अक्का म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून हळू विचारलं, "काय होतं वो तिथं?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगायला गेलो, पण लांबलं. अक्कांनी पदरानं हात पुसले आणि अण्णांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. अण्णा जाऊन पेचकस घेऊन आले.

काचेच्या चारी बाजूंना लाकडी पट्ट्या होत्या, चांगल्या बोटभर रुंद. अण्णांनी एकेक खिळा उचकटला. खालची पट्टी निघाली आणि तिच्याआड, जिथं आठ वर्षं कुणाचा हात पोचला नव्हता, तिथं रेघ होती. शिसपेन्सिलची, थोडी उजवीकडं चढलेली. शालनचा हात नेहमी उजवीकडं चढायचा, भाकरीसुद्धा तशीच थापायची.

फेट्याची रेघ. कडेला सगळ्यांत जवळ होती म्हणून वाचली.

मी तिच्यावरून बोट फिरवणार होतो. अक्कांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नगासा दादा. जाईल."

काच निघाली आणि खिडकीला भोक पडलं. घरात सुना, समोर मळ्यात गडीमाणसं. अण्णा पंचाईतीत पडले. मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवला. एक सूतही इकडंतिकडं नाही. काच कापलेली नव्हती हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी तो पुठ्ठाच ठोकून बसवला, नवी काच येईपर्यंत. पैसे विचारले तर म्हणाले, "आंघुळीच्या खिडकीचं काय घ्यायचं तुमच्याकडनं?" शोकेसमधली चौकटही दिली. अक्कांनी दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं, ज्वारीची भाकरी, मूग, ताक. काच त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली.

मुक्काम कराडच्या लॉजवर केला. साधी खोली आहे, गरम पाणी सकाळीच मिळतं. काच उशाला ठेवली, मग उशी पडेल म्हणून टेबलावर, मग टेबल डुगडुगतं म्हणून परत उशाला. सकाळच्या गाडीनं सातारा. कुलूप लागलेलं होतं.

त्या दुपारी चौकटीतली अण्णांची गुळगुळीत काच काढून शालनची घातली, खरखरीत बाजू भिंगाकडं. चौकट कॅमेऱ्याला लावली. दारातून उजेड येतो तिथं लाकडी खुर्ची ठेवली आणि कापडाखाली शिरलो. बाकीच्या रेघा मला पाठ आहेत, शालन म्हणायची ते खरं. पेन्सिल कानावरच होती. तिथंच राहू दिली.

सामान जमवणाऱ्यांना एवढंच सांगेन, कोरी दिसली म्हणून काच परत करू नका, आधी पट्ट्या काढून बघा. बाकी प्रवासाला दोन दिवस पुरतात आणि माणसं चांगली भेटतात.

काचेत खुर्ची उलटी टांगलेली दिसत होती, पाय वर, पाठ खाली. पाठीच्या खाली बरीच मोकळी जागा, आणि त्या जागेच्या शेवटी तिची रेघ, उजवीकडं चढलेली. खुर्चीवर कुणी नव्हतं. पण जो कुणी बसेल त्याच्या फेट्यापुरती जागा तिनं सोडलेली होती.