घडावरची निळी पिशवी

नव्वदचं दशक संपता संपता मी जळगावात स्पॅनिशचा क्लास काढला. पुण्याहून शिकून आले होते, स्वस्थ बसवत नव्हतं. लोक विचारत, "मॅडम, ही भाषा इथे बोलायची कोणाशी?" मी म्हणायची, आधी शिका तर, माणसं मग शोधू. चार टाळकी जमली, तेवढ्यावर सुरू केलं.

पुस्तकातली वाक्यं मात्र फारच मिळमिळीत. हे टेबल आहे, ती खुर्ची आहे. पोरं डुलक्या काढत. त्याच सुमारास स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाला. मी दर रविवारी सगळ्यांना तिथे नेऊन परदेशातली स्पॅनिश वर्तमानपत्रं उघडायला लागले. ओळखीचे शब्द हुडकायचे, उरलेली बातमी डोकं लढवून जुळवायची. यात पोरांना भलतीच गोडी लागली.

सावद्याहून येणारी एक मुलगी सगळ्यात तरबेज. घरी केळीची बाग. तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे खूळ बिलकूल पसंत नव्हतं. महिना संपला की क्लास बंद, असं त्यांनी तिला बजावलं होतं. तिचा उतरलेला चेहरा मला बघवत नसे.

एका रविवारी आबा तिला न्यायला थेट कॅफेतच आले. ती तेव्हा एक्वाडोरचं वर्तमानपत्र उघडत होती. त्या देशातही केळीच केळी, म्हणून तिचं ते लाडकं. फोटो वरून खाली रेघारेघांनी उतरत होता. आधी पानं आली. आबांनी खुर्ची ओढली. मग खोड आलं, आणि घडाच्या जागी मोठी निळी पिशवी.

"घडाले पिशवी काहून घातली?"

मला केळं सोलण्यापलीकडे काय कळतंय? आबाच अंदाज बांधत बसले. उन्हासाठी म्हणावं, तर ऊन आपल्याकडे कमी आहे का? मग ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "नजर लागू नये म्हणून असंल." मुलीने बातमी वाचून पाहिली. ती पावसाची होती, पिशवीचा उल्लेखच नव्हता.

आबा उठले. "सापडेपर्यंत येऊ द्या हिले," मला म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

पंधरवड्यात तिला दुसऱ्या बातमीत उत्तर सापडलं. घडावर कीड बसू नये, पानं घासून सालीवर डाग पडू नयेत, म्हणून पिशवी. तिने हळूच मला सांगितलं, "मॅडम, घरी नाही बोलले मी." मीही गप्प बसले. दर रविवारी आबा विचारत, सापडलं का? ती म्हणे, शोधतेय. असं करत ती वर्षभर शिकली आणि परीक्षेलाही बसली.

त्या हिवाळ्यात आबांनी मला भरीत खायला बोलावलं. जेवण झाल्यावर मुलगी आईबरोबर आवराआवर करत होती, तेव्हा आबा मला बाग दाखवायला घेऊन गेले. विहिरीपलीकडे, सहसा कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात, काही घडांवर खताच्या रिकाम्या पिशव्या चढवलेल्या होत्या.

"घालून पाह्यल्या," आबा म्हणाले. "कीड नाही बसत. तवाच कळलं मले."

मग एका पिशवीची सुटलेली सुतळी बांधत म्हणाले, "पोरीले सांगू नका. शिकू द्या."