बापाच्या वर्षाला दहावा माणूस

सन एकोणीसशे छत्तीस. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मलकापुरात कापसाच्या एका जिनवर बॉयलरच्या कामाला होतो. शिक्षण मराठी तिसरी. ते कमी पडलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आम्ही बेने इस्राएल. शनिवारी आमची चूल पेटत नसे म्हणून गाव आम्हांला शनवारवाले म्हणायचं. बाप अलिबागकडून रेल्वेच्या गँगवर आला आणि इथलाच होऊन गेला. तो गेला आदल्या वर्षी, भर पावसात. नदीनाले भरलेले, माती द्यायला आमचे पाचच पुरुष जमले. आमच्यात मेलेल्याच्या नावानं मुलानं कद्दीश हा प्रार्थनेचा पाठ म्हणायचा असतो, आणि त्यासाठी आपल्यातले दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. शेवटच्या आठवड्यात बापानं एकच गोष्ट धरली होती, "पोरा, माह्या नावानं दहा उभे करजो." मी हो म्हटलं होतं.

वर्षभर जमलं नाही. वर्षाच्या दिवशी मात्र जमवायचेच, म्हणून नांदुरा, जलंब, शेगाव, जिथं जिथं रेल्वेत आपला माणूस होता तिथं मी स्वतः जाऊन सांगून आलो. कद्दीश मराठी अक्षरांत उतरवून घेतला आणि बॉयलरपुढं उभं राहून पाठ केला. मलिद्याच्या गोड पोह्यांना ओले नारळ लागतात, ते मुंबईहून मागवले.

त्या दिवशी दुपारपर्यंत आठ जण आले. मी नववा. दहावा भुसावळचा गार्ड. चारच्या गाडीनं त्याचा नुसता निरोप आला, ड्युटी बदलली, येता येत नाही.

शेजारचे काका, जातीचे कुणबी, बापाचे चिलमीचे सोबती, दारात उभे होते. म्हणाले, "एकच कमी हाये ना बे? मंग मी बसतो. टोपी तं डोक्यावर हायेच."

"काका, टोपी चालते, तुम्ही नाही चालत."

"हाव! अन् तुह्या बापाले माही चिलीम बरी चालत होती!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझी नजर ओसरीच्या कडेला गेली.

तिथं आमच्या जिनचा फिटर बसला होता. तोही बेने इस्राएलच, पण त्याची आजी बाहेरच्या जातीची. अशांना आमच्यात काळे म्हणत. रंगाशी त्याचा संबंध नाही. त्यांचं ताट वेगळं, बसणं वेगळं, आणि दहांत त्यांची गणती नाही. तो सकाळपासून आलेला होता. नारळ त्यानंच फोडले होते. पण त्याला कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही, खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, "दहावा हा काय, इथंच बसलाय."

जमलेल्यांत वयानं मोठे म्हणजे रेल्वेचे तारमास्तर. हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक वाचता येणारे ते एकटेच. त्यांनी पुस्तक मिटलं. "त्याला धरायचं असेल तर मला वगळा."

म्हणजे परत नऊच. आणि वाचणारा कोणी नाही.

"मास्तर, बापाच्या मातीला आलेल्या पाचांतला हा एक. बापाले शेवटची आंघोळ यानं घातली. तवा चालला, आता काऊन नाही चालत?"

"तेव्हा मी नव्हतो. माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत रे. मुंबईला आपल्या लोकांत कळलं तर त्यांना कोण करून घेईल?"

माणूस वाईट नव्हता. मी कलेक्टर साहेबापुढं कधी मान लववली नव्हती, पण मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय ओढून घेतले. बाकीचे सात जण जमिनीकडं पाहत राहिले. त्यांतल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर मी त्याचं ऋण जन्मभर मानलं असतं.

फिटर उठला. "माह्यापायी भांडण नको. मी जातो."

"तू गेल्यानं काय दहा होतात? बस म्हणतो ना!"

"कोणाच्या बाजूले बसू?" तो म्हणाला.

मी ज्या सतरंजीवर होतो तिथं जागा होती. 'माह्या बाजूले' एवढंच म्हणायचं होतं. मास्तर उठून जातील, म्हणून मी गप्प बसलो. तो चपला घालून गेला.

सूर्य कापसाच्या बाजाराकडं टेकला. आमचा दिवस सूर्याबरोबर संपतो, बापाचं वर्षही संपत होतं. मास्तरांनी नऊ जणांत वाचता येतं तेवढं वाचलं. कद्दीशची जागा आली तेव्हा ते थांबले आणि त्यांनी पान उलटलं. पाठ केलेले शब्द माझ्या तोंडात आले होते, ते मी गिळले. मग मलिदा वाटला. सगळ्यांनी खाल्ला, चांगला झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनवर गेलो. पावसाळ्यात जिन बंद असे, यंत्रं खोलून साफ करायचं काम चाले. फिटर गुडघ्यावर बसून तेल देऊन राह्यला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं नाही. मी त्याच्या हातातली तेलाची झारी काढून घेतली आणि उरलेल्या यंत्रांना मीच तेल दिलं.