पांढऱ्या पदराचा कॅम्प

कमरीपेठेतल्या कॅम्पच्या टेबलावर पहिली साडी ठेवली गेली, तेव्हा मला वाटलं बाई चुकून आली असेल. तिसरी साडी आली तेव्हा मी आमचंच पत्रक उचलून वाचलं.

वर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘पांढऱ्या पदराचा त्रास आहे? लाजू नका. मोफत तपासणी व उपाय.’

मी हुबळीतल्या एका महिला आरोग्य संस्थेत काम करते. पत्रकं लिहायची, वाटायची, बायकांना तपासणीला आणायचं. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, हे आमचे विषय. पांढरं जाण्याला कानडीत ‘बिळी सेरगु’ म्हणतात. बिळी म्हणजे पांढरा, सेरगु म्हणजे पदर. कानडीत हा रोजचा शब्द आहे, तो ऐकून कुणाच्या डोक्यात साडी येत नाही. मराठीत मात्र साडीशिवाय दुसरं काही येणार नाही. आमचे सेक्रेटरी दीक्षित सर यांनी कानडी पत्रकाचं मराठी करताना शब्दाला शब्द ठेवला होता. त्या आठवड्यात मी धारवाडला ट्रेनिंगला होते. तेवढ्यात पत्रक छापून वाटूनही झालं.

मी समोरच्या दुकानातून ऑफिसला फोन लावला.

“सर, बायका साड्या घेऊन आल्यात.”

“घेऊन? नेसून ना?”

“नेसूनही आल्यात आणि घेऊनही आल्यात. ‘अंगावरून पांढरं जाणं’ असं सरळ का नाही लिहिलंत?”

“अहो, पत्रक दुकानादुकानांतून वाटलंय. पुरुषांच्या हातात पडतं. पदर कसा, सभ्य शब्द आहे.”

“सभ्य शब्दानं कुणाचं इन्फेक्शन बरं झालेलं ऐकलंय का तुम्ही?”

“ललिता, आवाज कमी करा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माझा राग उगाच नव्हता. ह्या तक्रारीला घरात ‘अशक्तपणा’ म्हणतात, शेजारी ‘उष्णता’ म्हणतात, औषधाच्या दुकानात ‘टॉनिक द्या’ म्हणतात. बाई टॉनिक पिते आणि दुखणं आहे तिथंच बसतं. थोडं पांढरं जाणं नेहमीचंच असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण वास आला, खाज सुटली, रंग बदलला, तर तपासायला हवं. एवढी दोन वाक्यं बायकांपर्यंत पोचवायला आम्ही पगार घेतो, आणि पोचवलं काय, तर पदर.

आता सगळी पत्रकं फाडायची, असं ठरवून मी हॉलमध्ये परत आले. टेबलापुढं दोन बायका बसल्या होत्या. गंगाक्का आणि मंगल, पेठेतल्या भांड्याच्या दुकानवाल्यांच्या घरातल्या दोघी जावा. थोरली गंगाक्का ऐसपैस बसली होती. धाकटी मंगल पन्नाशी उलटलेली, मांडीवर इरकली साडी घट्ट धरून. साडीचा तांबडा पदर सोड्यानं विटून पांढुरका झाला होता.

“मावशी,” मी सुरुवात केली, “हा साड्यांचा कॅम्प नाही. इथं बायकांच्या—”

टेबलाखालून मंगलमावशींनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

“पदराचंच काम आहे,” त्या म्हणाल्या. “पांढरा पडलाय ओ. आणि आता त्याच्यावर मधूनमधून तांबडं दिसतंय.”

“धुताना रंग फुटला असंल,” गंगाक्का म्हणाल्या. “मी सांगत होतो हिला, सोड्यात घालू नको. ऐकती कुठं.”

मंगलमावशी साडीकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

“कधीपासून दिसतंय?” मी विचारलं.

“दिवाळीपासून.”

“त्याच्या आधी?”

“आधी तीन वर्षं काहीच नाही. कोरडा.”

“कोरडा म्हणजे?” गंगाक्कांनी विचारलं.

“पेटीत ठेवला होता की, अक्का.”

माझ्या पायाच्या बोटांतली कळ तेव्हा डोक्यात पोचली. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईला परत रक्त दिसतंय. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात: पाळी कायमची बंद झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी तपासायचंच. बऱ्याच वेळा साधं कारण निघतं. पण कधीकधी ती कॅन्सरची पहिली खूण असते, आणि पहिल्या खुणेला आलेली बाई वाचते.

“आत दाखवावा लागेल,” मी म्हणाले.

“चल, मी बी येतो,” गंगाक्का उठल्या.

“एका वेळी एकच पदर,” मी म्हणाले. आयुष्यात इतकं सभ्य मी कधी बोलले नव्हते. “तुम्ही चहा घ्या.”

आत डॉक्टर हिरेमठ मॅडम होत्या. पडदा ओढल्याबरोबर मंगलमावशींनी सगळं सरळ मराठीत सांगितलं, एकही पदर न लावता.

“मग घरी का सांगत नाही?” मी विचारलं.

“कळलं तर ह्या वयात मला परत बाहेर बसवतील. स्वयंपाकघरात पाय नाही, देवाजवळ नाही. आणि अक्का पेठभर सांगंल, हिला पाळी परत आली म्हणून. तुझं पत्रक दुकानात आलं. अक्कानंच वाचून दाखवलं, जा तुझी साडी घेऊन म्हणून. माझं माहेर कानडी. मला कानडीतनं कळलं, तिला मराठीतनं.”

मॅडम हसल्या आणि हातमोजे चढवले. त्यांनी आधी पॅप स्मिअर घेतला. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी चपट्या लाकडी काडीनं अलगद खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या आणि लॅबला पाठवायच्या. फार दुखत नाही, जरासं टोचल्यासारखं वाटतं. तपासताना तिथंच त्यांना पॉलिप दिसला. पॉलिप म्हणजे लोंबता छोटा मांसाचा कोंब.

“रक्त बहुतेक ह्याचंच,” मॅडम म्हणाल्या. “पण बहुतेक म्हणून सोडायचं नाही. हॉस्पिटलला या. हा काढू, सोनोग्राफी करू, आतल्या अस्तराचा तुकडा तपासू.”

“परत यायचं? घरी काय सांगू?”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी साडीकडं बघितलं.

“पदर रंगवायला टाकलाय म्हणून सांगा,” मी म्हणाले. “नीट व्हायला दोन-चार खेपा लागतील.”

आता साडी खरंच रंगवणं आलं. जुन्या हुबळीत मी रंगारी शोधला. तो म्हणाला, एवढ्यासाठी नवीन साडी घ्या की. मी म्हणाले, नवीन चालणार नाही, पेशंटची आहे. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि पुढं काही विचारलं नाही. दरम्यान मंगलमावशी हॉस्पिटलला येऊन गेल्या. कोंब निघाला. रिपोर्ट येईपर्यंत त्या रोज दुकानातून ऑफिसला फोन करायच्या.

“पदर आला का?”

“नाही अजून.”

“रंग कसा असंल ओ?”

“बघू, मावशी.”

दीक्षित सर पलीकडच्या खुर्चीवरून हे ऐकायचे. एकदा म्हणाले, “आपण नक्की काय चालवतो, लाँड्री का?”

“तुम्हीच सुरू केलीत, सर.”

रिपोर्ट आले. कॅन्सर नाही, स्मिअर स्वच्छ, अस्तर ठीक. तेव्हा मी स्वतः फोन लावला. नेमक्या गंगाक्कांनी उचलला.

“मंगलमावशींना सांगा,” मी म्हणाले, “पदर एकदम चांगला झालाय.”

पलीकडं गंगाक्कांनी ओरडून निरोप दिला. मागून कुणीतरी रडायला लागलं.

“एका साडीसाठी रडती बघ,” गंगाक्का मला म्हणाल्या.

त्यानंतरच्या कॅम्पला गंगाक्का एकट्याच आल्या. हातात घडी न मोडलेली साडी. मी उलगडून बघितली. पदर लालबुंद, टाका न टाका शाबूत.

“ह्याला तर काही झालेलं नाही,” मी म्हणाले.

“नाहीच झालेलं.” त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. “पण आत दाखवायचाय.”

मी पडदा बाजूला केला.

पत्रक आम्ही नव्यानं छापलं, ह्या वेळी माझ्या शब्दांत: ‘अंगावरून पांढरं जातंय? पाळी गेल्यावर रक्त दिसलं? तपासून घ्या.’ सरळ बोललंच पाहिजे, ह्यावर मी अजून ठाम आहे. फक्त ते पडद्याच्या आत बोलायला बाईला आधी घरातून बाहेर पडता यावं लागतं, हे कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. म्हणून खाली एक बारीक ओळ घातली: ‘येताना साडी आणली तरी चालेल.’

दीक्षित सरांनी प्रूफ बघताना त्या ओळीवर बोट ठेवलं. “ही कशाला?”

“सभ्य आहे म्हणून, सर.”