भिंतीपलीकडची मोटर

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याचं माप, कंडक्टरने परत दिलेले सुटे पैसे, नवऱ्याचं ‘शनिवारी नक्की येतो’, सगळं मी दोनदा तपासून घेते. त्यामुळे दुसऱ्याच्या डोळ्यांत संशय उतरला की मला तो लांबूनच ओळखू येतो. गेल्या उन्हाळ्यात तो शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत उतरला.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे सोडणाऱ्यालाच ठाऊक. मी बसने जाऊन-येऊन घाटनांदूरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, आणि नवरा साखर कारखान्यावर. हंगाम सुरू झाला की त्याचा मुक्काम तिकडेच. म्हणजे पाणी आलं तेव्हा आमच्या घरी कुणी असेल याची काही शाश्वती नाही. आमची आणि काकूंची भिंत एक, दारापुढचे नळ शेजारी-शेजारी, दोन्ही खड्ड्यात. एक नळ सोडला की दुसऱ्याची धार करंगळीएवढी होते. तरी मी ड्युटीवर असले की काकू आमचा नळ सोडून पिंपाएवढं निळं टिपाड भरून ठेवत. हे लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून चालत होतं. या एका टिपाडावर आमचा आठवडा निघायचा.

मासे हा माझा नाद. हॉलमध्ये काचेची मोठी पेटी आहे आणि तीत गोल्डफिश. मासा दिसायला देखणा, पण घाण करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पाणी स्वच्छ ठेवायचं तर आठवड्याला अर्धी पेटी उपसून नवं भरावं लागे. आमच्या गल्लीत असं पाणी ओतून देणं म्हणजे पापच. मी ते कुंड्यांना घालायची, फरशी पुसायची, तरी जीव जळायचा. मग मोबाइलवर बघून बघून ठरवलं, की पेटीखाली सम्प बनवायचा. म्हणजे खाली दुसरी पेटी, तिच्यात कप्पे. वरचं पाणी पाइपातून खाली पडतं, कप्प्याकप्प्यांतून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते परत वर चढवते. पाणी तेच, नुसतं फिरत राहतं.

बाजारातला फिल्टर परवडत नव्हता आणि त्याच्यावर माझा विश्वासही नव्हता. जुनी लहान पेटी माळ्यावरून काढली. काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या आणि सिलिकॉनने चिकटवून कप्पे केले. पहिल्यात स्पंज. दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या आणि धुतलेले विटांचे तुकडे. तिसऱ्यात कूलरची मोटर. ती मोटर, पाइप आणि एल्बो मी स्कूटीवर लादून आणले तेव्हा काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

“काय आणलंस गं?”

“मोटर,” मी म्हणाले आणि आत गेले. येता-जाता चौकशा मला आवडत नाहीत.

सम्प पहिल्याच दिवशी चालला. वरून पाइपातून पाणी धो धो खाली पडत होतं आणि मोटर गुरगुरत होती. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला फोन करून मी तो आवाज ऐकवला.

त्यानंतर काकूंचं वागणं बदललं. इतकी वर्षं ‘गं’ म्हणणाऱ्या काकू मला ‘सिस्टरबाई, तुमी’ म्हणायला लागल्या. माणूस एकदम आदराने बोलू लागलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. मी दार उघडलं की त्यांचं बोलणं थांबायचं. पाणी आलं त्या दिवशी मी ड्युटीवरून परतले, तर आमचं टिपाड कोरडं. नळी खुंटीला जशीच्या तशी टांगलेली. काकूंचं मात्र भरलेलं होतं, ओटासुद्धा धुतलेला.

माझं डोकं लगेच चालू झालं. आमच्या वाट्याचं पाणी यांनी ओढलं, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी तर पुरावाच मिळाला. आमच्या नळाच्या खड्ड्यातली माती कुणीतरी ताजी उकरली होती. पाइपाला हात लागलेला दिसत होता. यांनी आमच्या पाइपाला आपली जोड मारली, असं मी धरूनच चालले. खड्ड्यावर पत्रा टाकला, त्यावर मोठा दगड ठेवला, आणि काकूंना ऐकू जाईल एवढा आपटला. तो आठवडा मी विकतचं पाणी आणलं आणि मनातल्या मनात काकूंना नाही नाही ते बोलले.

मग एका दुपारी लाइट गेली. मी सुट्टीवर, घरीच आडवी झाले होते. मोटर बंद पडली तसा तिचा वरच्या पेटीत खोल सोडलेला पाइप उलटा पाणी ओढायला लागला. सम्प भरला, वाहिला, आणि पाणी हॉलमधून उंबऱ्यावरून थेट गल्लीत. मी फडकी घेऊन धावले, तर बाहेर काका-काकू दोघंही उभे. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. सगळी गल्ली कोरडी, आणि आमच्या दारातून ओहोळ.

“नळ तर आला न्हाई,” काका म्हणाले. “मग हे पानी कुठलं?”

मी फडकं खाली टाकलं. “माझा खड्डा कुणी उकरला ते आधी सांगा.”

“आमी उकरला,” काकू म्हणाल्या. त्यांना लाज वाटत नव्हती, उलट कमरेवर हात ठेवून त्या पुढे सरकल्या. “तू मोटर कुठं जोडली ते बघाया. दिसरात पानी वडतीस तू. भिंतीतून ऐकू येतंय आमाला. का म्हनून भरावं तुजं टिपाड?”

नळाला मोटर लावून पाणी ओढणं याहून मोठा गुन्हा आमच्या गल्लीत नाही. तो माझ्या नावावर कधीचा लागला होता, आणि मी इकडे त्यांनाच चोर ठरवून बसले होते. मी काकूंचा हात धरून त्यांना आत नेलं. तेवढ्यात लाइट आली. मोटर गुरगुरली, खाली उरलेलं पाणी वर चढलं आणि थोड्या वेळाने पाइपातून परत खाली पडायला लागलं.

काकू गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. पेटीच्या मागे पाहिलं, मोरीत पाहिलं, स्टँडखाली हात घालून चाचपलं. कुठेच दुसरा पाइप नव्हता.

“तेच पानी?”

“तेच.”

“लई येळ बघत बसलं तरी तेच?”

“तेच, काकू.”

त्या सरळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओशाळतील. “चोरी न्हाई केलीस, ते बघितलं,” त्या म्हणाल्या. “पर रिकाम्या टिपाडाजवळ बसून दिसभर पानी पडायचा आवाज ऐकून बग एकदा.”

मला राग आला होता, आणि राग येण्यासारखं त्या काही बोलल्या नव्हत्या, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी मी खाली पडणाऱ्या पाइपाला तुकडा जोडून त्याचं तोंड सम्पच्या पाण्यात बुडवलं. आवाज गेला. वर चढणाऱ्या पाइपाला वरच्या पेटीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं, म्हणजे लाइट गेली तरी हवा शिरून उलटा ओढा थांबेल. काकूंना यातलं काही सांगितलं नाही.

पुढचं पाणी मी ड्युटीवर असतानाच आलं. बसमधून उतरले ती भराभर चालतच. गल्लीत शिरले. आमच्या टिपाडावर झाकण होतं. उचललं, तर काठोकाठ भरलेलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं नाही, शंकाच आली. आमचं एवढं, तर यांनी स्वतःचं किती भरलं असेल? ओट्यावर कुणी नव्हतं. मी काकूंच्या टिपाडाचं झाकण हळूच वर केलं. पाणी अर्ध्याच्याही खाली होतं.

“काय बघतीस?” काकू दारात उभ्या होत्या.

“काही नाही.” झाकण माझ्या हातातच राहिलं. “तुमचं एवढंच?”

“आज धारच न्हवती. तुजं भरोस्तोर पानी गेलं.”

मी आत जाऊन कळशी आणली, आमच्या टिपाडात बुडवली आणि त्यांच्यात ओतायला लागले. त्या नको म्हणाल्या नाहीत, दाराला टेकून बघत राहिल्या. दोन-तीन कळश्या झाल्यावर मात्र पुढे होऊन त्यांनी माझं मनगट धरलं.

“बास गं,” त्या म्हणाल्या. “माशांला ऱ्हाऊ दे की थोडं.”